खाण्याआधी काय झालं?

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं वजन कमी होतं की नाही, हा नंतरचा प्रश्न. किस्से मात्र पहिल्या दिवसापासून वाढायला लागतात! आम्ही चौघं जण गेलं दीड वर्ष दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता उस्मानपुऱ्यात एका काट्यावर उभे राहतोय. चौघांचं मिळून वजन किती उतरलं ते विचारू नका. किस्से विचारा. चहा संपेपर्यंत सांगतो. चहा बिनसाखरेचा आहे, त्यामुळं तो संपायलाही वेळ लागतो.

मी जोगदंड. एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, वय एकावन्न. जिना चढताना गुडघा दुखायला लागला म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "सर, तुमच्या गुडघ्यात काही बिघाड नाही. तक्रार आहे, पण ती गुडघ्याची तुमच्याबद्दल आहे!"

रक्ताचा रिपोर्टही सोबत होता. शुगर अजून झालेली नव्हती. "पण दारात चप्पल काढतेय," असं ते म्हणाले.

डाएट काही मी पहिल्यांदा करणार नव्हतो. एकदा महिनाभर नुसत्या भाज्यांच्या ज्यूसवर राहून नऊ किलो उतरवलं होतं. पुढच्या सहा महिन्यांत ते नऊ परत आले, आणि येताना सोबत दोन पाहुणे घेऊन आले.

डॉक्टरांनी मला पल्लवी मॅडमचा पत्ता दिला. या आहारतज्ज्ञ. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर खाली मिठाईचं दुकान! पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तुपातल्या जिलबीचा वास नाकात. मी वर पोचल्या पोचल्या म्हणालो, "मॅडम, जागा बदला. पेशंट वर यायच्या आधी खालीच अडकतो."

मॅडम तिशीच्या, काडीसारख्या बारीक. फाइल उघडत शांतपणे म्हणाल्या, "सर, खाली दुकान आहे म्हणून तर वर क्लिनिक चालतंय!"

*

मॅडमनी शनिवारचा एक खास गट केला होता. भूक नसताना खाणाऱ्यांचा. मला वाटलं, मोठा हॉल लागेल. निघालो चारच जण. बाकीच्या शहराला अजून पत्ता लागला नसावा.

शाहीन बाजींचं, म्हणजे शाहीनताईंचं, ड्रेस-ब्लाउज शिवायचं बुटीक आहे. जीभ कात्रीसारखी, मन मऊ. साळवे काका पोस्टातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आणि पडेगावच्या सुमनताई. घरची शेती, दोन म्हशी, घरात अकरा माणसं. चौथा मी.

मॅडमनी प्रत्येकाला एक शंभर पानी वही दिली आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला डाएट देणार नाही. काहीही बंद करायचं नाही."

सुमनताईंचा चेहरा पडला. "कायच बंद नाय? मंग उतरंल कसं?"

"फक्त लिहायचं. काय खाल्लं, भूक दहापैकी किती होती, आणि खाण्याआधी काय झालं."

मग मॅडमनी विचारलं, "तुम्हाला भूक लागते म्हणजे नेमकं काय होतं?" मी म्हणालो, पोटात खड्डा पडतो. काका म्हणाले, "सकाळी नऊ आणि दुपारी एक." मॅडमनी शाहीन बाजींकडं पाहिलं तशा त्या म्हणाल्या, "सच बोलू क्या? मेरेको बीस साल से भूक लगीच नहीं. मेरेको गुस्सा लगता!"

"मग?"

"मग क्या! गुस्से में पकोडे खाती. पकोडा बेचारा उलटके जवाब तो नहीं देता ना!"

*

पहिल्याच आठवड्यात माझ्या वहीत तीन समोसे निघाले.

झालं असं. लायब्ररीत पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती आणि काही पुस्तकं सापडत नव्हती. आमचे प्राचार्य आले, मुलांच्या देखत माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "जोगदंड, पुस्तकं सापडत नाहीत, तुम्ही मात्र कुठूनही दिसता!" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत जोरात मीच हसलो. आणि तसाच हसत कँटीनला गेलो.

वहीत लिहिलं: समोसे तीन. भूक दहापैकी दोन. खाण्याआधी काय झालं: काही नाही.

मॅडमनी वही वाचली. "भूक दोन होती, आणि समोसे तीन. दहापैकी बाकीची आठ भूक कुणाची होती, सर?"

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेवटी म्हणालो, "प्राचार्यांची."

शाहीन बाजी ताडकन म्हणाल्या, "तो समोसे उनको खिलाओ ना सर! आप कायकू खारे?"

*

सुमनताईंच्या वहीचा तिसरा रकाना वाचायला आम्ही आठवडाभर थांबायचो.

सोमवार, शेंगदाण्याचे लाडू दोन: सासूबाई बोलल्या. मंगळवार, पोरांच्या ताटातलं उरलंसुरलं सगळं: सासूबाई बोलल्या. बुधवार, शिळी भाकरी आणि तेल-चटणी: सासूबाई बोलल्या. गुरुवार, परत लाडू: सासूबाई बोलल्या नाहीत.

मॅडम थबकल्या. "ताई, गुरुवारी तर त्या बोलल्याच नाहीत!"

"तेच तर ना मॅडम! बोलल्या की कळतं तरी काय चुकलं ते. गप बसल्या की लई भ्या वाटतं!"

पुढं महिन्याभरात सासूबाई पंधरा दिवसांसाठी लेकीकडं वैजापूरला गेल्या. आम्हाला वाटलं, आता सुमनताईंचा काटा धाडकन खाली येणार. शनिवारी त्या काट्यावर चढल्या. दीड किलो वाढ!

"आता काय झालं, ताई?"

सुमनताई लाजल्या. "कायच झालं नाय. बारा-पंधरा दिस निवांत बसून खाल्लं ना मॅडम, पयल्यांदाच!"

*

एका शनिवारी मॅडमनी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवला. एकच! तो आधी नीट बघायचा, मग हुंगायचा, मग जिभेवर ठेवून पाच मिनिटांत हळूहळू खायचा. आपण काय खातोय याकडं लक्ष द्यायचं, एवढंच.

खोलीत शांतता. खालच्या दुकानात कढईत झारा आपटल्याचा आवाज येत होता. मी मनुक्याकडं लक्ष देत होतो आणि माझं लक्ष जिलबीकडं. सुमनताईंनी मनुका केव्हाच गिळला होता आणि त्या कुणाला कळू नये म्हणून नुसतंच तोंड हलवत होत्या.

पाच मिनिटं झाली. मॅडमनी विचारलं, "काका, कसं वाटलं?"

साळवे काकांनी खिशातून रुमाल काढून ओठ टिपले. चाळीस वर्षं टपालात घालवलेला माणूस. म्हणाले, "मॅडम, मनुका रवाना झाला. पण पोटाकडून पोच काही आली नाही!"

*

मग आला दहा मिनिटांचा नियम. खावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं आणि गटातल्या कुणालातरी फोन करायचा. दहा मिनिटांनंतरही भूक असेल तर खुशाल खायचं.

लग्नसराईचे दिवस होते. दुपारी शाहीन बाजींचा फोन आला. "सर, मेरे सामने नानखटाई का डिब्बा खुला पडा है. बात करो मेरेसे!"

मी म्हणालो, बोला. त्या बोलल्या. एका नवरीच्या आईनं तयार घागरा तिसऱ्यांदा परत पाठवला होता. आधी सैल, मग घट्ट, आता म्हणे रंगच वेगळा दिसतो! "कपडा उनोंच लाके दिए, सर! रंग मैं बदली क्या?" मग त्या नवरीची आई, मग आईची बहीण, मग गेल्या वर्षीची दुसरीच एक नवरी. दहा मिनिटांची चाळीस झाली. मी हूं हूं करत ऐकत होतो. शेवटी त्यांचा आवाज एकदम हलका झाला.

"शुक्रिया सर! नहीं खाई मैं. एक भी नहीं! डिब्बा बंद करके लडकियों को दे दी."

मला फार बरं वाटलं. फोन ठेवला, खाली बघितलं तर टेबलावरची चिवड्याची पिशवी रिकामी!

त्या दिवशी मी वहीत अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. खाण्याआधी काय झालं: शाहीन बाजींचा फोन.

*

साळवे काकांची वही म्हणजे सरकारी दप्तर. "दुपारी ४.१०. बिस्किटे नग सहा. भूक: एक. कारण: निरंक." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चार महिने झाले तरी ४.१०, नग सहा, कारण निरंक.

मॅडमनी एकदा वही मिटून बाजूला ठेवली. "काका, चार वाजून दहा मिनिटांनी काय होतं?"

"काही होत नाही."

"काहीतरी होत असेल. आठवून बघा."

"मॅडम, खरंच काही होत नाही." काका वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "आधी व्हायचं."

काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर रोज चार वाजता काकू चहा टाकायच्या आणि दहा मिनिटांनी दोघं गॅलरीत बसायचे. भांडायचे बहुतेक, काका म्हणाले. मुलगा-सून नोकरीला जातात, घर रिकामं असतं. काकांनी एवढंच सांगितलं. सुमनताईंनी पदरानं डोळे पुसले.

सोमवारपासून मी चार वाजून दहा मिनिटांनी काकांना फोन करायला लागलो. काही विषय नसायचा. आज वर्तमानपत्रात काय आहे, पाणी कधी येणार, असलंच काहीतरी. आमच्याकडं पाणी कधी येणार हा विषय कितीही दिवस पुरतो.

दोन आठवड्यांनी काकांची वही: "४.१०. बिस्किटे नग दोन. कारण: जोगदंड सरांचा दूरध्वनी."

मी खूश होऊन म्हणालो, "काका, तुमच्यासाठी एवढं तर करूच शकतो!"

काका चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "माझ्यासाठी? सर, तुमच्या कँटीनला समोशाचा घाणा सव्वाचारला निघतो, हे तुम्हीच मागं सांगितलं होतं!"

*

वर्षभरात माझं सात किलो उतरलं. सात! ज्यूसवर महिन्यात नऊ उतरले होते. पण या खेपेला मी रोज भाकरी खात होतो, भात खात होतो, महिन्यातून एकदा खालच्या दुकानात बसून, लपूनछपून नाही, चक्क खुर्चीवर बसून जिलबी खात होतो. जिना चढताना गुडघा आता बोलत नव्हता.

आणि मग आई घरात पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे दवाखाना. आईला वर पेज, आणि मला फाटकाबाहेर भजी. डॉक्टर काही चांगलं बोलले की भजी, काही बोलले नाहीत की दोन प्लेट. बायको, मंगल, घरून डबा पाठवायची, तो खायचो आणि वर परत भजी. वही कुठं पडली तेही माहीत नव्हतं. शनिवार बंद. फोन आले, उचलले नाहीत.

आई घरी आली, मी कामावर रुजू झालो. एका दुपारी साळवे काका लायब्ररीत आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वाचनकक्षात बसून तासभर पेपर वाचला, नीट घडी घालून जागेवर ठेवला. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "शनिवारी या. काट्यावर चढणं सक्तीचं नाही."

गेलो. आणि गेल्यावर चढलोच. तीन किलो वाढ! मी मॅडमना म्हणालो, "झालं, पहिल्यापासून सुरुवात."

"पहिल्यापासून कशी?" मॅडम म्हणाल्या. "मागं नऊ गेले आणि अकरा आले होते. आता सात गेले होते, त्यातले तीन आलेत. चार अजून बाहेरच आहेत की, सर! आणि तेही अशा महिन्यात."

चांगलं वाटलं. पण तरी तीन किलो म्हणजे तीन किलो. चेहरा पाडून घरी आलो. आई वॉकर धरून दारापर्यंत आली होती. मला बघून कळवळली. "किती वाळलास रे! हे बाहेरचं खाणं अंगाला लागत नाही तुझ्या!"

*

हा किस्सा गेल्या महिन्यातला.

सुमनताईंच्या थोरल्या मुलानं पडेगावच्या घरावर मजला चढवला. वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. मॅडमना यायला जमलं नाही. काका, शाहीन बाजी आणि मी गेलो.

सुमनताईंच्या सासूबाई तिथं मी पहिल्यांदा पाहिल्या. दीड वर्ष वहीत वाचून माझ्या डोळ्यांपुढं एक धिप्पाड बाई उभी होती. प्रत्यक्षात इवलीशी म्हातारी! पंचाहत्तरीची, अंगावर नऊवारी, हातात बुंदीचं पातेलं. मी ताटावर दोन्ही हात धरले आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणं स्पष्ट, नम्र आवाजात "नको" म्हणालो. बुंदी माझ्या बोटांच्या फटींतून ताटात पोचली!

नव्या गच्चीवर मांडव होता, त्याखाली पंगत. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि भावकीतले पुरुष. मी सुमनताईंना विचारलं, "तुम्ही कधी बसणार?"

"आमच्यात सुना शेवटी बसत्यात," त्या पोळ्यांची टोपली सावरत म्हणाल्या. "आन् आत्याबाई तर सुनांच्याबी मागून. आल्यापासनं तसंच हाय." पहाटे चारपासून सुमनताई चुलीपुढं होत्या. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणतात.

पंगत अर्ध्यात आली होती. माझ्या आणि शाहीन बाजींच्या मधल्या जागेवरचा पाहुणा वाढायला सुरुवात व्हायच्या आधीच फोन आला म्हणून उठून गेला तो गेलाच. त्याचं ताट अजून कोरं होतं. सुमनताई पोळ्या वाढत तिथवर आल्या. थांबल्या. ताटाकडं बघत उभ्या राहिल्या. मग टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या ताटावर बसल्या.

काकांचा घास हातात राहिला. जिन्याच्या दारात त्यांची जाऊ उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. सुमनताईंचे मालक भाताचं घमेलं घेऊन पलीकडं उभे होते. ते हळूच म्हणाले, "अगं, अजून वाढायचं राह्यलंय."

"मंग वाढा की," सुमनताई म्हणाल्या. मान वर केली नाही.

सासूबाई पातेलं घेऊन आल्या आणि बरोबर त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"सुमन, आत्ताच बसलीस?"

"व्हय, आत्याबाई. भूक लागलीय."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. सुनेकडं बघत राहिल्या. आता काय होणार म्हणून मी ताटातल्या बुंदीकडं बघायला लागलो. मग त्यांनी वळून लेकाला हाक मारली आणि बुंदीचं पातेलं त्याच्या हातात दिलं.

"धर हे."

ते घमेलं आणि पातेलं दोन्ही सांभाळत उभे राहिले. सासूबाईंनी नऊवारी सावरली, शाहीन बाजींच्या खांद्यावर हात टेकला आणि गुडघा धरत खाली बसल्या.

"सरक गं बाई जरा." मग लेकाकडं वर बघून म्हणाल्या, "तोंड काय बघतोस? पयले भात वाढ. मलाबी लागलीय."